ग्नूकॅशची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवल्यापासून ‘लॉक मिळत नाही’

खर्चवही:

नमस्कार मंडळी. घरचा जमाखर्च मी २०१४ पासून ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते. फाइल आजवर माझ्या विंडोज डेस्कटॉपवर होती. आता घरात एक छोटा नास (घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) आला आहे, म्हणून फाइल तिथे हलवली. हेतू एवढाच की मी डेस्कटॉपवरून आणि नवरा त्याच्या लिनक्स लॅपटॉपवरून तीच वही उघडू शकू. फाइल साधी एक्सएमएल (मजकुराच्या रूपातली), कॉम्प्रेस केलेली.

तेव्हापासून रोज काहीतरी नवं. कोणीही उघडलेली नसताना ‘लॉक मिळाला नाही, दुसरं कोणी वापरत असेल’ असा संदेश येतो. डेस्कटॉप चालू केल्याकेल्या ग्नूकॅश उघडलं तर फाइल सापडतच नाही. एकदा एक्स्प्लोररमध्ये जाऊन झेड ड्राइव्हवर (नासला विंडोजमध्ये दिलेलं अक्षर) क्लिक केलं की मग सापडते. लॅपटॉपवर फाइल मॅनेजरमधून उघडली तर कधी सेव्ह होते, कधी होत नाही. शिवाय त्या फोल्डरमध्ये लांबलचक आकड्यांच्या नावांच्या फायलींचा ढीग साठला आहे, तो वेगळाच.

ऑफिसातला एकजण म्हणाला, एसक्यूलाइटमध्ये सेव्ह कर, डेटाबेस आहे, दोघांना एकदम वापरता येईल. करू का? की नेटवर्कवर ही फाइल ठेवणंच चूक?

पानवेल:

सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये टाका आणि मोकळे व्हा.

जुनी_वायर:

पानवेल, क्लाउडने प्रश्न सुटत नाही, दुसरीकडे सरकतो. तिथे दोन्ही यंत्रांवर वेगवेगळी प्रत असते. दोघांनी आपापली बदलली की ‘कॉन्फ्लिक्ट’ नावाची तिसरी फाइल जन्माला येते, आणि ताळा लावत बसायचं काम माणसाकडे.

खर्चवही ताई, एसक्यूलाइट करू नका. बाकीचं नंतर बघू, हे आधी.

एक्सएमएल फाइल उघडताना ग्नूकॅश ती एकदाच पूर्ण वाचून मेमरीत घेतं. पुढे तुम्ही तासभर नोंदी करत बसलात तरी मूळ फाइलला हात लागत नाही. सेव्ह केलं की नवी फाइल तात्पुरत्या नावाने आधी पूर्ण लिहिली जाते, मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवली जाते. मधेच वाय-फाय गेलं तर सेव्ह फसेल, पण जुनी फाइल शाबूत राहील. म्हणजे नेटवर्कशी गाठ पडते ती उघडताना आणि सेव्ह करताना, बस्स.

एसक्यूलाइटमध्ये प्रत्येक नोंद केल्याक्षणी फाइलमध्ये उतरते. भल्यामोठ्या फाइलचे मधले तुकडे जागेवर बदलत राहतात, आणि हे बिनघोर व्हावं म्हणून ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल-लॉकवर विसंबून असतं. नेटवर्क ड्राइव्हवर ते लॉक भरवशाचे नसतात. एसक्यूलाइट बनवणाऱ्यांनी स्वतःच तसा इशारा लिहून ठेवला आहे. त्यातला ‘वॅल’ मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) तर नेटवर्क ड्राइव्हवर चालतच नाही. एक्सएमएलमध्ये जोडणी तुटली तर फार तर एक सेव्ह हुकतं. इथे अख्खी वही खराब होऊ शकते. क्विकन हे हिशेबाचं दुसरं सॉफ्टवेअरसुद्धा हेच सांगतं की डेटा फाइल यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा.

आणि ‘दोघांना एकदम’ हे तर विसराच. नासवर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर चालवून ग्नूकॅश त्याला जोडता येतं, फायलीची भानगड मिटते. पण तेव्हाही ते सगळं मेमरीत उचलतं आणि एका वेळी एकच माणूस लिहितो असं धरून चालतं.

आता लॉक. फाइल उघडली की ग्नूकॅश शेजारी त्याच नावाची, ‘.एलसीके’ शेपटीची फाइल ठेवतं आणि बंद होताना काढून टाकतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं, नासशी जोडणी तुटली, जागा झाल्यावर ग्नूकॅश अडकलं म्हणून जबरदस्तीने बंद केलं, की ती काढणारं कोणी उरत नाही. तुमचा भुताटकीचा लॉक तो हाच. लिनक्सवर सोबत ‘.एलएनके’ शेपटीची फाइलही बनते, तिच्या नावात यंत्राचा आणि प्रोसेसचा क्रमांक असतो. ती दिसली तर लॉक लॅपटॉपचा. नुसती एलसीके असेल तर दोन्ही यंत्रं बघा. दोन्हीकडे ग्नूकॅश बंद आहे याची खात्री झाली की या दोन्ही फायली खुशाल पुसा.

खात्री न करता ‘ओपन एनीवे’ दाबायची सवय मात्र लावून घेऊ नका. दोघांच्या मेमरीत पूर्ण वही असते आणि जो शेवटी सेव्ह करतो त्याची राहते. दुसऱ्याच्या नोंदी गेल्या, कसलाही इशारा न देता. गेल्याच तर फोल्डरमधली त्या वेळेची ‘.लॉग’ फाइल (केलेल्या नोंदींचं टिपण) शोधा. इम्पोर्ट मेनूमध्ये ती पुन्हा चालवायची सोय आहे, बरंच परत मिळतं.

तो ढीग म्हणजे याच लॉग फायली आणि प्रत्येक सेव्हच्या वेळी ठेवलेल्या जुन्या प्रती. नावातला आकडा म्हणजे तारीख आणि वेळ. मुळात ३० दिवसांच्या राखल्या जातात, प्रेफरन्सेसमध्ये कमी करा हवं तर, शून्य करू नका. त्यांना बॅकअप समजू नका पण. मूळ फाइल ज्या डिस्कवर, त्याच डिस्कवर त्या प्रती आहेत.

झेड ड्राइव्हचं कारण साधं आहे. लॉगिन होताच विंडोजने ड्राइव्ह नावाला दाखवलेला असतो, जोडलेला नसतो. अक्षर सोडा, नेटवर्कचा पूर्ण पत्ता वापरून फाइल एकदा उघडा: दोन उलट्या तिरक्या रेघा, नासचं नाव, मग शेअरचं, म्हणजे सामायिक फोल्डरचं, नाव. पुढच्या वेळी ग्नूकॅश तोच पत्ता लक्षात ठेवेल. आणि ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवत असाल तर बंद करा; त्या अवतारात तुम्ही जोडलेली ड्राइव्हची अक्षरं सहसा दिसतच नाहीत.

तळघर:

लिनक्सपुरतं जोडतो. फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करून जो शेअर उघडतो तो बहुतेक जीव्हीएफएसमधून (लिनक्स डेस्कटॉपचा फायली दाखवणारा मधला थर) येतो. बघायला, कॉपी करायला छान, पण हार्डलिंक (एकाच फाइलला दुसरं नाव) आणि लॉक असले प्रकार तिथे धड चालत नाहीत, आणि ग्नूकॅशला नेमकं तेच लागतं. शेअर एफएसटॅबमध्ये (लिनक्सची ड्राइव्ह जोडायची यादी) सीआयएफएस (विंडोज-पद्धतीचा नेटवर्क शेअर) म्हणून माउंट करा, म्हणजे जोडा. यूआयडी, जीआयडी (वापरकर्त्याचा आणि गटाचा क्रमांक) नवऱ्याच्या खात्याचे द्या, नाहीतर लिहायची परवानगी नसल्याचा एरर येईल. ‘नोफेल’ आणि सिस्टिमडीचं ऑटोमाउंटही लिहा, म्हणजे घराबाहेर लॅपटॉप चालू करताना बूट अडकणार नाही.

(खरं तर एचलेजर, म्हणजे साध्या मजकूर-फाइलमधला हिशेब, आणि बदलांची नोंद ठेवणारं गिट. पण बायकोला गिट शिकवायला गेलेला माणूस आहे मी, त्यामुळे आग्रह नाही.)

खर्चवही:

फोल्डरमध्ये एलएनके फायली निघाल्या! म्हणजे गुन्हेगार लॅपटॉप, आणि इतके दिवस बोलणी मी खात होते. पुसल्या. पूर्ण पत्त्याने उघडल्यावर सकाळचा त्रासही गेला. एफएसटॅबचं तो रविवारी बघणार आहे.

नवरा लिहीत फारसा नाही, शिल्लक बघतो आणि उसासा टाकतो. त्याच्यासाठी वेगळं काही आहे का? आणि एक शेपूट: सासऱ्यांची मायक्रोसॉफ्ट मनी या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची फाइलही त्याच नासवर आहे. ती तिथूनच उघडली तर चालेल?

जुनी_वायर:

उसाशासाठी ‘ओपन रीड-ओन्ली’ पुरे. लॉकच्या संदेशातच ते बटण असतं, तुम्ही नोंदी करत असतानाही त्याला बघता येईल. फक्त तुमचं शेवटचं सेव्ह झालेलं चित्र दिसेल. ऑटोसेव्ह बंद करू नका, पण नेटवर्कवर दर पाच मिनिटांनी खिडकी गोठत असेल तर अंतर वाढवा.

मनीची फाइल तिथून नको. ती आतून डेटाबेस आहे, वर सांगितलेलं सगळं तिला लागू. मनीची विक्री २००९ मध्ये थांबली, त्यामुळे बिघडली तर कंपनीकडे दाद नाही. डेस्कटॉपवर कॉपी करा आणि ती कॉपीच उघडा. ग्नूकॅशमध्ये आणायची असेल तर मनीमधून एकेक खातं क्यूआयएफ (हिशेबाच्या नोंदी हलवायचा फाइल-प्रकार) म्हणून काढावं लागतं. इम्पोर्ट करताना मात्र त्या सगळ्या फायली एकाच फेरीत द्या, नाहीतर या खात्यातून त्या खात्यात गेलेली रक्कम दोनदा मोजली जाण्याची भीती असते.