मदत हवी आहे: पिंजऱ्यांखालचा ऑक्सिजन घटलाय, दोष खाद्याचा की उन्हाळ्याचा?

नागपूर जिल्ह्यातला जलाशय, पंगॅशियस माशांचे पिंजरे, प्रत्येकी ६ × ४ × ४ मीटर. मे महिन्यात पाणी उतरल्यावर जाळ्याच्या तळापासून गाळापर्यंत जेमतेम अडीच मीटर उरतात. पहाटे साडेपाचला अर्ध्या मीटरवर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४.८ मिलिग्रॅम, गाळाजवळ १.६. दुपारी वरचा आकडा ९ वर जातो, खालचा जागचा हलत नाही.

ऑक्सिजन मोजायचा मीटर वरच्या पाण्यात विंकलरने (ऑक्सिजन मोजायची रासायनिक चाचणी) पडताळलाय, बरोबर आहे. तळाच्या नमुन्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हा वास सल्फाइडचा; सल्फाइड असताना विंकलर कमी दाखवतो, म्हणून तिथे वापरला नाही. तरंगतं खाद्य एक तृतीयांश कमी केलं, जाळ्यांवरचं शेवाळ घासलं. काहीच बदल नाही. मासे ठणठणीत आहेत, पण पंगॅशियस तोंड वर काढून हवाही घेतो, त्यामुळे तो पुरावा धरू नका.

पिंजरे खोल पाण्याकडे नेता येत नाहीत, तिकडे नळयोजनेची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आहे. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) सुचवू नका, वीज नाही.

तुलनेसाठी पिंजरे नसलेली, तेवढ्याच खोलीची जागा घ्यायची आहे. वारा बहुतेक वायव्येचा असतो. ती किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला घ्यावी? आणि गाळात सेंद्रिय कर्ब तपासू, एकूण फॉस्फरस, की दोन्ही?