पोर्टफोलिओ भरलाय पण त्यात माझं काहीच दिसत नाही (अप्लाइड आर्ट, दुसरं वर्ष)

कांडी_इचलकरंजी

नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी पुण्यात बीएफए अप्लाइड आर्ट करतेय, दुसरं वर्ष. गाव इचलकरंजी. बाबा मागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग जुळवून देतात, दुरुस्त करतात; आई कांड्या भरते, म्हणजे मागाला लागणारा आडवा धागा नळ्यांवर गुंडाळते. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड होती, सर म्हणाले हिला याच लाइनला घाला, मग सीईटी दिली आणि इथं आले.

तर झालं असं की सुट्टीतल्या इंटर्नशिपसाठी मी चार ठिकाणी पोर्टफोलिओ पाठवला, ३२ पानं. तीन ठिकाणांहून काहीच उत्तर नाही. चौथ्या ठिकाणच्या एका ताईंनी मात्र स्वतः फोन केला, अर्धा तास दिला, आणि शेवटी म्हणाल्या की काम स्वच्छ आहे पण हे कुणी केलंय ते कळत नाही. त्या रागानं नाही बोलल्या, अगदी समजावून बोलल्या, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये.

फोन ठेवल्यावर मी सगळी पानं परत उलटली. कॉफीशॉपचा लोगो, साबणाचं पॅकेजिंग, एका फिटनेस ॲपचे स्क्रीन, सगळं इंग्लिशमध्ये, सगळं कुठला ना कुठला व्हिडिओ बघून केलेलं आणि मॉकअप (डिझाइन खऱ्या वस्तूवर कसं दिसेल ते दाखवणारे तयार फोटो) पण तेच जे वर्गातल्या अजून दहा जणांनी वापरलेत. मराठीतलं एकच पान आहे, दिवाळीच्या शुभेच्छा, ते पण असाइनमेंट होती म्हणून.

लॅपटॉप सेकंडहँड आहे, ४ जीबी रॅम, जड सॉफ्टवेअर उघडतच नाही. वर्गातले म्हणतात थ्रीडी शिक, मोशन शिक, त्याशिवाय हल्ली कोण घेत नाही. मनात सारखं येतं की घरचं, मागाचं काहीतरी करावं, पण भीती वाटते की ते 'बघा बिचारी कुठून आली' असं दिसेल, आणि मला ते अजिबात नकोय.

थ्रीडी शिकू का आधी? की दुसरं काय करू? रागावलात तरी चालेल पण खरं सांगा.

वेलांटी

कांडी, रागावण्यासारखं काहीच नाही. स्वच्छ काम येतंय म्हणजे हात बसलाय, त्याला दोन वर्षं जातात, ते कमी समजू नकोस. मी चौदा वर्षं ठाण्यात डिझाइनचं काम करतोय, मुलांचे पोर्टफोलिओ बघायचं काम माझ्याकडं पण येतं. थ्रीडी जरूर शिक पण आत्ता नको, कारण तुझी अडचण हत्याराची नाहीये, विषयाची आहे.

तू मराठीत विचार करतेस, आत्ता हा प्रश्न किती छान लिहिलायस बघ, आणि ३२ पानांत मराठी एकाच पानावर. आपल्याकडं र. कृ. जोशी होऊन गेले, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांनी केला, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात, शिकवायचे. कमल शेडगे होऊन गेले, नाटकाच्या जाहिरातीत नुसतं नाव बघून नाटक कसलं आहे ते कळायचं, महाराष्ट्र टाइम्सचं शीर्षकही त्यांच्याच हातचं. शब्द आधी ऐकायचा, त्याचं वजन कळलं की मग अक्षर काढायचं, हे त्यांच्या कामात स्पष्ट दिसतं. तेवढं एक जमलं तर लॅपटॉप ४ जीबीचा आहे का ४० चा याला महत्त्व राहत नाही.

आता करायचं काय ते सांगतो. फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घे, फुकट आहे, तुझ्या मशीनवर चालेल. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट खुल्या लायसन्सचे आहेत, ते त्यात उघडून बघितले तरी कुणाची हरकत नाही. एकेक अक्षर मोठं कर आणि वळणाचे बिंदू कुठं ठेवलेत, पोकळी किती सोडलीय, काना शिरोरेघेला कसा भेटतो हे बघत बस. आठवडाभर दुसरं काही करू नकोस. आणि मराठी म्हणून तपासायचं असेल तर कऱ्हाड, दुसऱ्या, वाऱ्यावर असले शब्द टाइप कर, ल आणि श बघ. बऱ्याच फॉन्टमध्ये ल, श हिंदी वळणाचे असतात, आपल्याला सवयीनं कळत नाही पण डोळ्याला काहीतरी खटकत राहतं. तिरो देवनागरी या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळा संच आहे तो याचसाठी.

आणि मागाबद्दल. दया येईल अशी भीती वाटते ना, तर मग मागावरच्या माणसाचं दुःख काढायला जाऊ नको, माग चालतो कसा ते काढ. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली, तेवढी तुमच्या गावाच्या हातात ती विद्या आहे. कापडाची नक्षी चौकटीच्या कागदावर घरं भरून काढतात, हे तू लहानपणापासून बघितलं असशील. स्क्रीनवरचा पिक्सेल म्हणजे तसंच एक घर. जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, भोकं पाडलेल्या पट्ट्या बघूनच इंग्रज गणितज्ञ बॅबेजनं आपल्या गणकयंत्राला तशीच कार्डं वापरायचं ठरवलं होतं. हे तुझ्या वर्गात दुसऱ्या कुणाच्या घरात असेल असं मला वाटत नाही.

आणि कच्चं काम फेकू नकोस. पहिला खाडाखोड केलेला कागदसुद्धा ठेव, मी मुलाखतीत आधी तोच मागतो.

खडूफळा

मी तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवतो, कॉम्प्युटरमधलं मला फार नाही, पण हा प्रश्न वाचून एक मुलगा आठवला म्हणून लिहितो.

आठवीतला पोरगा, हात चांगला, पण चित्र कायम एकच, डोंगर, सूर्य, नदी, दोन नारळाची झाडं. स्पर्धेत बक्षीस मिळायचं त्यामुळं तो ते सोडायला तयार नव्हता. मागच्या वर्षी बेंदराच्या आधी आम्ही माझ्या फोनवर स्टॉप मोशन करायचं ठरवलं, म्हणजे वस्तू जराजरा हलवून एकेक फोटो काढायचा आणि ते जोडून हलतं चित्र करायचं. सेकंदाला १२ फोटो, दहा सेकंदाला १२०. फोन बाकाच्या पायाला सुतळीनं बांधला, याने मातीचा बैल केला आणि फळीवरून चालवला.

पहिल्यांदा बघितलं तर बैल चालतच नव्हता, घसरत होता, कारण चारी पाय तो एकदमच पुढं सरकवत होता. शिवाय प्रत्येक फोटोत उजेड वेगळा, खिडकीतून ऊन हलत होतं आणि फोन आपोआप उजेड कमीजास्त करत होता. ते सोपं होतं, खिडकीला सतरंजी लावली आणि फोनचा उजेड लॉक केला. चालीचं मात्र मला पण सांगता येईना. मी म्हणलं जा, चुलत्याच्या गोठ्यात जाऊन बघ.

पोरगा संध्याकाळभर तिथं बसला आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणलं, मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा, आणि पाय उचलायच्या आधी खांदा जरासा खाली जातो. हे त्याला कुणीही शिकवलं नव्हतं. परत १२० फोटो काढले आणि बैल चालला. वर्गात पोरं ओरडली, माझ्या अंगावर काटा आला.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. यावर्षी त्याच्या वहीत डोंगर-सूर्य नाहीत. एसटी स्टँडवर पिशवी घेऊन उभी असलेली बाई काढलीय, पिशवीच्या बाजूचा खांदा खाली गेलाय. तो खांदा बैलाकडून आलाय.

पोरी, तू घरी गेलीस की कारखान्यात जाऊन नुसती बस. मोबाइल खिशात ठेव पहिला तासभर. मग काढ.

छपाईवाला

वरचं दोघांचंही बरोबर, फक्त एक वेगळं सांगतो. कॉफीशॉपचं सगळं उडवू नकोस, एक चांगलं ठेव, कारण काम देणाऱ्याला हे पण बघायचं असतं की दिलेलं काम दिलेल्या वेळेत ही मुलगी करेल का.

दुसरं, जे करशील ते एकदा तरी छापून बघ. स्क्रीनवर चकाकणारा निळा-हिरवा कागदावर मातकट येतो, तेव्हा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाया, हे काय ते खरं कळतं. बाजूला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कडा) सोड, फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), आणि फॉन्टचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, फाइल दे, मराठीत तर नक्कीच, आमच्या मशीनवर तुझा फॉन्ट नसला की जोडाक्षरांचा पार चुराडा होतो. मूळ फाइल वेगळी ठेवायची, नाहीतर नंतर एक वेलांटी बदलायची म्हणलं तरी सगळं परत. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळीकडं सारख्या चालणाऱ्या अक्षरांत, टाइप कर. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडं पेस्ट केला की नुसती चिन्हं येतात, यात आमच्याकडं आजही तासन्‌तास जातात.

कांडी_इचलकरंजी

पाच महिन्यांनी येतेय, उशिराबद्दल सॉरी. तुम्ही तिघांनी एवढं लिहिलं होतं, काहीतरी हातात आल्याशिवाय उत्तर द्यावंसं वाटेना.

खडूफळा सर, तुमचं ऐकून सुट्टीत चार दिवस कारखान्यात नुसती बसले, रातपाळीला, बाबांबरोबर. आधी फक्त आवाज येतो, बाकी काही कळत नाही. दुसऱ्या रात्री आवाजात गिनती सापडली. मग रेकॉर्ड करून मोजलं तर त्या मागाचे मिनिटाला १५० धोटे पडत होते, म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा तेवढ्या वेळा इकडून तिकडं जात होता.

आणि विषय समोरच होता, 'रातपाळी' हा शब्द. ठरवलं की हा शब्द विणल्यासारखा काढायचा, चौकटीच्या कागदावर, एक घर म्हणजे उभा आणि आडवा धागा भेटतो ती जागा. पहिल्यांदा १६ घरं उंचीत बसवायला गेले, नाहीच बसला, आपल्याला वर वेलांटीला पण जागा लागते ना. २६ ला जाऊन जमला. मला वाटलं झालं काम, आणि कागद बाबांना दाखवला.

बाबा आधी काही वर्षं जकार्डच्या साडीवर होते. त्यांनी कागद उजेडात धरला, शिरोरेघेवरून बोट फिरवत नेलं आणि म्हणाले, "ह्यो धागा एवढा लांब वर ऱ्हायला तर नखात अडकंल, धुतल्यावर लोंबंल. मधी मधी दाबून घ्यावा लागतोय." मी म्हणलं बाबा हे खरं विणायचं नाहीये, स्क्रीनवर दाखवायचंय. तर म्हणाले, मग कापड म्हणू नको त्याला.

मला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी पूर्ण शब्द परत काढला. शिरोरेघ दोन घरं जाड होती, पहिल्या ओळीत दर पाचव्या घराला एक धागा खाली दाबला, दुसऱ्या ओळीत तेच पण दोन घरं सरकवून, असं साटीनच्या विणीत असतं ते बाबांनीच दाखवलं. जाड उभे काने होते तिथं पण तसंच. आणि तो शब्द एकदम वेगळाच दिसायला लागला, शिरोरेघ सलग न राहता बारीक लुकलुकायला लागली, रात्री लांबून कारखान्याच्या खिडक्या दिसतात तशी. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, धागा लोंबू नये म्हणून केलं आणि हे हातात आलं. असं माझ्याबाबतीत पहिल्यांदाच झालं.

मग क्रिटा या चित्र काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन केलं. मिनिटाला १५० म्हणजे सेकंदाला अडीच, व्हिडिओ २५ फ्रेमचा ठेवला तर एका धोट्याला बरोबर १० फ्रेम येतात. प्रत्येक धोट्याला खालून एक ओळ वर चढते, २६ ओळी, १०.४ सेकंदात शब्द पुरा. आवाज त्याच मागाचा. लॅपटॉप एकदाही अडकला नाही.

छपाईवाले दादा, दोन फुटी प्रिंट पण काढली, पहिली काळपट आली, दुसरी बरी आली. ती घरी लावलीय. आईनं लांबूनच बघितली आणि म्हणाली 'पाळी' तेवढं नीट वाचता येत नाही. बाबा मात्र जवळ जाऊन बोट ठेवून घरं मोजत होते, एका ठिकाणी चूक निघाली, सहाव्या घराला दाबलं होतं. दुरुस्त केली.

पोर्टफोलिओ आता १४ पानं आहे. यातली सहा या एकाच कामाची, पहिल्या १६ घरांच्या फसलेल्या कागदापासून. कॉफीशॉप एक ठेवलंय. त्या ताईंना परत पाठवलाय, अजून उत्तर यायचंय.

आता धोटा, कांडी, खोटी (म्हणजे खोळंबा) असे अजून शब्द घेऊन पुढं जायचंय, जमलं तर फॉन्टच करायचाय. पण आईनं सांगितलेली अडचण खरीच आहे, 'ळ' बुजतो. दोन्ही पोकळ्या भरल्यासारख्या दिसतात, लांबून तर नुसता डाग. रेघ दोन घरं जाड आहे, अक्षराची रुंदी १० घरं ठेवलीय, त्यापेक्षा वाढवली तर शब्द फार पसरतो असं वाटतं. वेलांटी दादा, काय करू?

वेलांटी

तुझ्या बाबांना नमस्कार सांग. शिरोरेघेबद्दल ते जे बोलले ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.

ळ चं गणित असं. उभ्या रेघा तीन, डावी, मधली, उजवी, दोन-दोन घरांच्या म्हणजे सहा घरं त्यातच गेली. १० मधून उरली चार, म्हणजे प्रत्येक पोकळीला दोनच, रेघेएवढीच पोकळी, म्हणून डाग दिसतो. रुंदी १२ कर, पोकळीला तीन-तीन मिळतील. शब्द पसरतो असं वाटत असेल तर पा आणि ळी यांच्यामधलं अंतर एका घरानं कमी कर, प च्या पोटात एक घर जास्त असेल तर तेही काढ. आणि ळ च्या आत धागे दाबू नकोस, तिथं लागणारच नाहीत, एवढी लांब सलग जागा नाहीये. १२ वर काढलास की इथं टाक, आईंना लांबून वाचायला दे आणि त्या काय म्हणाल्या ते पण लिही.