भाड्याने देण्यासाठी वारज्यात सदनिका घ्यावी का?

कर्वेनगरकर

नमस्कार. आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो, राहत्या घराचे कर्ज फिटले आहे आणि आजवरच्या बचतीचे २० लाख रुपये हाताशी आहेत. वारज्यात एका जुन्या सोसायटीतील दोन बेडरूमची सदनिका ६५ लाखांना मिळते आहे. उरलेल्या ४५ लाखांचे कर्ज काढून ती घ्यावी, भाड्याने द्यावी आणि भाड्यातून हप्त्याचा बराचसा भाग सुटावा, असा विचार आहे. त्या इमारतीत सध्या २० हजारांच्या आसपास भाडे मिळते. आमच्या घरात आजवर कोणी घरमालक झालेले नाही. उलट माझे बालपण सदाशिव पेठेतील वाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत गेले, त्यामुळे एकदा भाडेकरू आला की जागा गेलीच, असे आई आजही मनापासून मानते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस

आपल्या हिशेबातून पहिली मोठी रक्कम सुटली आहे, ती म्हणजे खरेदीचा खर्च. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, म्हणजे ६५ लाखांवर ४ लाख ५५ हजार, आणि त्यावर नोंदणी फी ३० हजार. खरेदीखत केवळ पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ६५ हजार वाचतात. तरीही २० लाख आणि ४५ लाख यांची बेरीज करून व्यवहार पूर्ण होणार नाही. त्यात एजंटची दलाली आणि रंगरंगोटी अजून धरलेली नाही.

आता हप्ता पाहू. ४५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३९ हजार येतो. भाडे वर्षातून अकराच महिने मिळेल असे धरा, कारण एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत जागा रिकामी राहतेच. अकरा महिन्यांचे २ लाख २० हजार येतील. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स (दरमहा ३ हजार धरला) आणि मिळकतकर (१५ हजार धरला) वजा जाता १ लाख ६९ हजार उरतात, तर हप्त्यांपोटी ४ लाख ६८ हजार जातात. म्हणजे दरमहा सुमारे २५ हजार रुपये आपल्याला पगारातूनच घालावे लागतील. महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते ती मालक स्वतः राहत असेल तरच, हेही लक्षात असू द्या.

प्राप्तिकराबाबत थोडक्यात सांगतो. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जावरील व्याजही वजा होते. मात्र यातून होणारा तोटा पगारातून वजा करण्याची सोय जुन्या करप्रणालीतच, तीही वर्षाला २ लाखांपर्यंत आहे. आपण नव्या प्रणालीत असाल तर ती सोय नाही.

माझे प्रामाणिक मत असे, की कर्ज २५ लाखांच्या वर जाऊ देऊ नये. वारज्यातच एक बेडरूमची सदनिका पाहावी.

घरमालक, धायरी

आपल्या आईंची धास्ती जुन्या पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने कायमचे राहण्याच्या पद्धतीच्या) आणि वाड्यांच्या काळातली आहे. आज 'लिव्ह अँड लायसन्स' करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार, नीट केला तर ती बाळगण्याचे कारण नाही. पण तो नीट करावा लागतो, हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या भाडेकरूशी मी पाचशेच्या स्टँप पेपरवर सही घेऊन करार केला आणि नोंदणी टाळली. वर्षभराने तो म्हणू लागला, की अनामत रक्कम ५० हजार नव्हे, ८० हजार दिली होती. वरचे पैसे रोखीने दिल्याचे त्याचे म्हणणे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि तसा नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर आपण ते खोटे ठरवत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. मी मुकाट्याने ८० हजार परत केले.

नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, आधार आणि बोटांचे ठसे पुरतात. २० हजार भाडे, ६० हजार अनामत आणि २२ महिन्यांची मुदत धरली तर मुद्रांक शुल्क साडेअकराशेच्या आत आणि नोंदणी फी एक हजार, एवढाच सरकारी खर्च येतो. मुदत संपूनही भाडेकरू निघाला नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई मागता येते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्यास विसरू नका.

आणि ती सदनिका भर पावसात एकदा पाहून या. पश्चिमेच्या भिंतीवरून, विशेषतः कपाटामागे, तळहात फिरवा. भिंत ओल धरत असेल तर हाताला गार लागते आणि रंगाची पापडी बोटाला चिकटते. माझ्याकडे ती ओल दोन भाडेकरूंनी सोसली आणि दोघेही मुदतीआधीच निघून गेले.

सोसायटी सचिव, कोथरूड

एक भर घालतो. सदनिका भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क, घेते. पण शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. खरेदीपूर्वी विक्रेत्याची थकबाकी नसल्याचा दाखला, भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि इमारतीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, म्हणजे जमीन व इमारत सोसायटीच्या नावे झाली आहे का, हे आमच्यासारख्या सचिवाला प्रत्यक्ष भेटून विचारा. उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचा खर्च कोणाच्या बिलात लागतो, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. दरमहा २५ हजारांचा आकडा पत्नीसमोर मांडला तेव्हा मोठी सदनिका सोडून देण्यावर आमचे लगेच एकमत झाले. त्याच सोसायटीत एक बेडरूमची सदनिका ४२ लाखांना असल्याचे एजंट सांगतो. रविवारी सचिवांना भेटून भोगवटा पत्र पाहणार आहे, आणि भिंत पाहायला पावसाची एखादी चांगली सर येईपर्यंत विसार देणार नाही.