जुन्या जीन्स आणि घरातल्या खुर्च्या-सोफे : तुमच्याकडेही होतं का असं?

शाहूपुरीची लेक
काल माहेरी साताऱ्यात होते. बाबांच्या बैठकीतली लाकडी हातांची खुर्ची पार खचली होती म्हणून सोफावाल्या काकांना बोलावलं. काका पेचकसानं एकेक चूक (बारीक खिळा) उपटत होते आणि मी चहा घेऊन उभी. रेक्झिन ओढलं तर खाली निळं कापड! मी ओरडलेच, काका थांबा, फाडू नका.

ती दादाच्या जीन्सची खोळ होती. १९९४ साली दादा नोकरीला पिंपरीला गेला तेव्हा तीन जीन्स घरीच टाकून गेला. तिन्हींचे गुडघे गेलेले. आईनं आठवडाभर दुपारची भांडी झाली की ओट्यावर बसून ब्लेडनं शिवणी उसवल्या. मग हातमशीनवर चौकोन जोडले, एक सुलटा, एक उलटा. जीन्सचा उभा धागा निळा आणि आडवा पांढरा, त्यामुळे उलटी बाजू फिकी दिसते ना, तर दुसरं कापड न घेता तिनं असा गडद-फिका चौकडा काढला होता. उजव्या हातावर एक अख्खा मागचा खिसा ठेवला होता, आजोबांच्या चष्म्यासाठी. चष्मा शोधण्यात घरादाराची सकाळ जायची, म्हणून.

आजोबा गेले. पुढे मला बघायला पाहुणे येणार होते. "ठिगळं कशी दाखवायची चार लोकांत" म्हणून त्यावरच रेक्झिन ठोकलं गेलं. खिसा तसाच आत राहिला.

काल मी त्यात बोटं घातली. दोन चिंचोके (हे माझेच), एक चार आण्याचं नाणं आणि चष्म्याच्या दांडीचा बारीकसा स्क्रू. तो स्क्रू आम्ही पोरांनी बॅटरी घेऊन घरभर शोधला होता. नाही मिळाला म्हणून आजोबांनी दांडी दोऱ्यानं बांधली आणि शेवटपर्यंत तोच चष्मा वापरला.

आईला नेऊन दाखवला. तिनं तळहातावर घेतला आणि बराच वेळ बोललीच नाही.

रेक्झिन आता नको म्हणून सांगितलंय. तुमच्याकडे कुणी केलं होतं का असं काही? लिहा ना.

विश्रामबाग
स्क्रू!! अगं डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे दिवाणाला होतं. गॅसवर दूध ठेवलंय, येते परत.

कोरेगावचा टेलर
ताई, आईंना नमस्कार सांगा. हातमशीनवर जीन्सची जाड शिवण ओढायची म्हणजे दंड भरून येतात. बावीस वर्षं दुकान चालवतोय म्हणून सांगतो, हे सोपं काम नाही.

कुणाला करायचं असेल तर : सुई १६ किंवा १८ नंबरची घ्या, रोजची १४ नंबरची मोडते. टाका मोठा ठेवा. चार पदर एकत्र येतात तिथं आधी हातोडीनं ठोकून शिवण चपटी करा. मशीनवर ती जागा आली की पायडलवरचा पाय काढा आणि चाक हातानं फिरवा. कापड घ्यायचं ते पोटरीच्या मागचं, ते सगळ्यात चांगलं राहिलेलं असतं. मांडीच्या आतलं घासून विरलेलं असतं, ते कितीही चांगलं दिसलं तरी बसायच्या जागी घेऊ नका.

वाईची सून
दादा, ताणणारी जीन्स चालेल का? ह्यांच्या सगळ्या तसल्याच आहेत.

कोरेगावचा टेलर
बैठकीला नको ताई. ती ओढ घेते, महिन्यात झोळ पडतो. उशीचे अभ्रे करा, मशीनचं कव्हर करा. बसायला जुनी जाड सुतीच.

हरिपूर
आमची गोष्ट पुराची आहे, जरा लांब होईल.

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हाचं. ४५ ला धोका म्हणतात, म्हणजे बघा. आम्ही आधीच भावाकडे विट्याला गेलो होतो. परत आलो तर सोफा उलटा होऊन दाराला अडकलेला. फोम चिखल पिऊन एवढा जड झाला होता की दोघांना उचलेना. गल्लीत प्रत्येक दारासमोर तसाच ढीग. गाद्या, फोम, पुस्तकं, सगळं एकाच रंगाचं झालेलं.

सोफ्याचा सांगाडा सागवानी होता. सासूबाई म्हणाल्या, लाकूड फेकायचं नाही. पाइप लावून धुतला, सावलीत महिनाभर वाळवला. उन्हात ठेवला असता तर तडकला असता.

तेव्हा मदतीचे कपडे ट्रक भरून येत होते. ज्यांनी पाठवले त्यांचे उपकार कधी विसरणार नाही. त्यात जीन्स खूप होत्या, पण कुणाच्याच मापाच्या नाहीत. मंदिरात गठ्ठा पडून राहिला. शेवटी वाटप करणारी मुलंच म्हणाली, काकू, न्या, काही करता आलं तर करा. मी अकरा आणल्या. शेजारणीनं तितक्याच. दोघींनी मिळून दोन घरांच्या सोफ्यांना खोळी शिवल्या. आत फोम नाही घातला, काथ्याच्या गाद्या घातल्या, कारण त्या वाळवता येतात. आणि प्रत्येक खोळीला त्या जीन्सच्याच चेन जोडून लावल्या. एक पुरेना, दोन-दोन लावल्या.

२०२१ ला परत पाणी आलं. यावेळी सासूबाईंनी पहिल्यांदा खोळी काढल्या, गाद्या काढल्या, सगळं वरच्या मजल्यावर. सांगाडा तेवढा खाली राहिला. तो आता दोन पुरांचा झाला आणि मी लिहितेय ती त्याच सोफ्यावर बसून.

खणआळी
हरिपूरताई, काय बोलावं सुचेना. सासूबाईंना दंडवत.

तासगाव
आमच्या मुलाचा शाळेचा पांढरा शर्ट पाठीवर निळा झाला. नवीनच गडद जीन्सची खोळ केली होती, पँट लहान झाली म्हणून. मीठ घालून भिजवू का? शर्ट नाही, खोळ. शर्टाचं काय ते मी बघते.

इचलकरंजीत नोकरी, घर सांगलीत
मिठानं काही होणार नाही वहिनी. हा निळीचा रंग सुताच्या वरवरच बसतो, आत गाभा पांढराच राहतो. दोरा मोडून बघा, दिसेल. म्हणून तर घासलं की जीन्स पांढरी पडते आणि म्हणूनच शर्टाला लागते. मुरवून पक्का करायचा हा रंगच नाही. चार-पाच वेळा वेगळी धुवा, सुटा रंग निघून जाईल, तोवर वर चादर टाका. खोळीला कायम जुनीच पँट घ्यावी, जिनं आपला रंग आधीच सोडलाय.

माणदेशी
आमच्या आईनं वाकळ केली होती जीन्सची, खाटंवर टाकायला. गाव म्हसवडकडं. पूर्वी नऊवारी लुगड्यांच्या वाकळा व्हायच्या, आजीनं शिवलेली एक अजून हाय. पण आता लुगडं नेसतंय कोण? घरात जुनं काय निघतंय तर पोरांच्या पँटी. मग आई म्हनली, ह्याचीच करू.

साधी सुई जाईना. दाभण आणि पोत्याचा दोरा. बोटाला चिंधी गुंडाळून बसायची. धावदोरा घातला पण लुगड्यावानी बारीक न्हाई, बोटबोट लांबीचा. लई जड झाली. धुतली की पिळायला दोन माणसं, एक ह्या टोकाला एक त्या टोकाला, मी आन् आई. पिळता पिळता गप्पा व्हायच्या. आता मशीन हाय पन ती वाकळ मशीनमधी घालत न्हाई मी. बायकोला सांगितलंय, धुवायची तर मला हाक मार.

वाईची सून
तुम्ही किती छान लिहिलंय. माझे सासरेपण वाकळच म्हणतात, मी माहेरी गोधडी म्हणायचे.

मिरजकर
मी रिवेटसकट (खिशाच्या कोपऱ्यातली धातूची टिकली) मागचा खिसा शिवला होता गादीच्या कडेला. सासऱ्यांची शिसवी खुर्ची, तिला हा लांब ओरखडा. सासरे काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मी अजूनही त्या खुर्चीकडे बघितलं की तो ओरखडा आधी दिसतो. पॉलिशवाल्यानं बुजवला, पण तिरप्या उजेडात दिसतोच.

नंतर वाचलं तर ही तक्रार फार जुनी निघाली. रिवेट मारायची कल्पना जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची, खिसे फाटू नयेत म्हणून. त्यानं लेवाय स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्याला सोबत घेतलं आणि २० मे १८७३ ला पेटंट मिळालं. पण मागच्या खिशाच्या रिवेटनं लोकांच्या खुर्च्या आणि घोड्यांची खोगिरं खरवडायला लागली, म्हणून १९३७ मध्ये लेवायच्या कंपनीनं त्या कापडाखाली झाकल्या. पुढे तर तिथं नुसते पक्के टाके आले. तेव्हा खिसा ठेवायचा असेल तर रिवेट आधी पक्कडनं काढा, भोकावर टाके घाला.

आणखी एक, मला फार आवडलेलं. डंगरी शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय. तिथं मिळणारं जाडंभरडं सुती कापड इंग्रजांनी नेलं आणि नावही नेलं. आमचे वडील साखर कारखान्यात होते, रोज डंगरी घालून जायचे. त्यांना हे सांगायला हवं होतं असं वाटत राहतं.

पलूस
खुर्च्यांचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे किर्लोस्करवाडीच्या जुन्या लोखंडी खुर्च्या आहेत चार, आजोबांपासूनच्या. हलत नाहीत, डुलत नाहीत. फक्त एप्रिल-मेमध्ये बसवत नाही, चटका बसतो. बहिणीनं त्यांना जीन्सच्या गाद्या केल्या आणि कमरेचा पट्टा लूपसकट तसाच ठेवला. लूपमधून नाडी ओवून खुर्चीच्या पाठीला बांधायची. घसरत नाही. इतकी साधी युक्ती, पण तिनं एका संध्याकाळी बसून शोधून काढली.

खणआळी
पलूस, त्या खुर्च्या विकू नका हं कधी. आम्ही दोन भंगारात दिल्या, अजून हळहळतो.

पलूस
नाही हो. वाटण्या झाल्या तेव्हा शेतापेक्षा त्यांच्यावरच जास्त बोलणं झालं. शेवटी दोन-दोन.

कराड
हे गेले त्याला दिवाळीत तीन वर्षं होतील. कपाटातले शर्ट देऊन टाकले. एक जीन्स ठेवली होती, गाडीच्या सायलेन्सरला लागून उजव्या पायाला पोटरीवर जळालेली. वाळल्या पानासारखा डाग. मी तेव्हा खूप बोलले होते त्यांना, नवी पँट जाळली म्हणून.

स्वयंपाकघरातल्या स्टुलाला ती लावली. तो डाग बरोबर मधे घेतला. पोळ्या लाटून झाल्या की मी तिथं बसते.

शाहूपुरीची लेक
कराडताई 🙏 जवळ असते तर आत्ता आले असते.

हरिपूर
ताई, काळजी घ्या. जेवण वेळेवर करत जा.

कराड
करते गं. बरं वाटलं लिहून. मुलगी म्हणते स्टूल पुण्याला घेऊन ये, मी म्हटलं तूच इकडे ये.

विश्रामबाग
आले परत. दूध उतू गेलं नाही.

आमच्या दिवाणाची खोळ माझ्या आत्यानं शिवलेली. आम्ही पाच चुलत भावंडं, प्रत्येकाची एक पँट त्यात. भांडण काय, तर आपापल्या पँटच्या तुकड्यावरच बसायचं. दुसऱ्याच्या हद्दीत पाय गेला की चिमटा. आत्याचं माप इतकं पक्कं की पाचही तुकडे सारखे. माझी पँट सगळ्यात लहान होती तर तिला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडून इतरांएवढी केली होती. ते मला फार उशिरा कळलं, लग्नानंतर खोळ धुताना. पट्ट्या तिच्या स्वतःच्या पिशवीच्या होत्या, मंडईच्या.

आत्या आता ८१. फराळाची भाजणी अजून स्वतः भाजते, कुणाला हात लावू देत नाही. परवा सांगत होती, धणे जास्त झाले की चकली कडवट लागते.

तासगाव
भाजणीचं प्रमाण द्या की आत्यांचं.

विश्रामबाग
विचारून टाकते. ती वाटीनं नाही, ओंजळीनं सांगते, ते मोजावं लागेल.

वाईची सून
ह्यांनी आत्ता शेवटी एक जुनी जीन्स दिली! कॉलेजची, जाड सुती. आधी सगळे खिसे स्वतः तपासले, मग हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले जरा वेळ. झोपाळ्याच्या फळीला गादी करणार आहे.

शाहूपुरीची लेक
सगळ्यांचं वाचून आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. दाभणाचं ऐकून म्हणाली, त्या माउलीची बोटं बघायला हवी.

काकांनी आज खुर्ची पूर्ण उघडली. आईची खोळ तीस वर्षांनंतरही शिवणीत कुठंच सुटलेली नाही. फक्त पुढची कड, जिथं गुडघ्यामागचा भाग टेकतो, तिथं विरून जाळी झालीय. काका म्हणाले, बाकी सगळं राहू द्या, तेवढी कड बदलू. खिसा हाताला जागच्या जागी राहील. स्क्रू आईनं परत त्यातच टाकला.

दादाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, खिसा काढू नका. शनिवारी येतोय, येताना दोन जुन्या जीन्स आणतोय. एकीचा गुडघा गेलाय म्हणे, पुन्हा उजवाच.

कोरेगावचा टेलर
पोटरीची मागची बाजू घ्या ताई. कापायच्या आधी दोनदा धुवा. आणि कड शिवताना मी लागलो तर साताऱ्याला बुधवारी येणं असतं माझं, सुया घेऊन येईन.