घोडबंदरचे ट्रेलर, भिवंडीची गोदामं आणि कराचा वाटा: शेजारच्या पालिकेला हिस्सा द्यावा का?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

मुंब्रा बायपास आणि घोडबंदर रोडवर जी अवजड वाहनं अडकलेली असतात, त्यातली ठाण्यात माल उतरवणारी किती? माल उरणच्या बंदरातून निघतो, कळंबोली-शिळफाटा करत बायपासला येतो आणि एक तर भिवंडीच्या गोदामात जातो, नाहीतर घोडबंदरमार्गे गुजरातकडे. पूर्णा, काल्हेर, दापोडे, राहनाळ इथल्या गोदामांची घरपट्टी त्या त्या ग्रामपंचायतीत जमा होते. धूळ, कोंडी आणि डांबराचा खर्च आपला.

आपणही काही साव नाही. ठाण्याने आपला कचरा आधी वर्षानुवर्षं दिवेकरांच्या नाकाशी टाकला आणि मग भंडार्लीला नेला. भंडार्ली तेव्हा ठाणे पालिकेच्या हद्दीत नव्हतीच. गावकरी रस्त्यावर आले तेव्हा कुठे ते थांबलं.

मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, शिवाय नगरपालिका आणि ढीगभर ग्रामपंचायती. आयटी पार्क, मॉल, गोदाम आपल्या हद्दीत यावं म्हणून प्रत्येकाची धडपड, कारण बिगरनिवासी मालमत्ता कर जास्त देते आणि मागते कमी. कामगार मात्र दिवा, टिटवाळा, बदलापूरला राहतो. त्याला पाणी, शाळा, दवाखाना देण्याचा भार तिथल्या पालिकेवर.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं आहेत. तिथल्या सात काउंटींसाठी १९७१ साली एक कायदा झाला. त्या वर्षानंतर व्यापारी-औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल, तिचा ४० टक्के हिस्सा सामायिक खात्यात धरायचा आणि तिथून सगळ्या गावांना वाटायचा. लोकसंख्या जास्त आणि माणशी मालमत्ता कमी, त्याला जास्त वाटा. जुन्या करपायाला हात नाही, वाढीतले ६० टक्केही गावाकडेच. समजा १०० चं मूल्य १५० झालं, तर खात्यात जातात २०, हातात राहतात १३०. बर्न्सव्हिल नावाचं उपनगर याविरुद्ध कोर्टात गेलं होतं. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि तो आजही चालू आहे. मोठा मॉल असलेलं ब्लूमिंग्टन जेवढं घेतं त्याहून जास्त देतं, तरी ते बुडालेलं नाही.

ठाणे, नवी मुंबई, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, पनवेल एवढ्यांपुरतं तरी हे करावं असं माझं मत आहे. मतं मांडा, फक्त पक्षांवर घसरू नका.

पामबीचवाला

आलात का शेवटी फिरून आमच्याच खिशाशी!

नवी मुंबईने मोरबे धरण विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ठाण्याला स्वतःच्या योजनेशिवाय अजून स्टेम (पालिकांची सामायिक पाणी कंपनी), एमआयडीसी आणि मुंबई पालिकेचं पाणी घ्यावं लागतंय. आम्ही वेळेवर पैसे गुंतवले, तुम्ही टॉवरना परवानग्या दिल्या. आता त्या टॉवरना पाणी पुरत नाही, तर ऐरोली-महापेच्या कंपन्यांच्या करात वाटा द्या म्हणता?

चौदा गावांचं उदाहरण ताजं आहे. शिळफाट्याकडची ही गावं आधी नवी मुंबईत होती. कर परवडत नाही म्हणून आंदोलन करून २००७ ला बाहेर पडली. मधल्या काळात तिथे गोदामं, भंगाराची दुकानं, वाट्टेल ती बांधकामं उभी राहिली. सुविधा मिळेनात तेव्हा पुन्हा आत यायचं ठरलं आणि २०२४ मध्ये आली. आता रस्ते, गटारं, पाणी द्यायचं कुणी? बेलापूरच्या करदात्याने. तुमच्या सामायिक खात्याचं हेच होणार, फक्त आकडा मोठा.

शहापूरकर

मोरबे खालापूर तालुक्यात आहे. वाशीत नाही.

भातसा, तानसा आमच्या शहापुरात. तानसाचं पाणी मुंबई एकोणिसाव्या शतकापासून पितेय. दर उन्हाळ्यात धरणाच्या पायथ्याच्या पाड्यांवर टँकर लागतात, त्या बातम्या तुम्ही मोबाइलवर वाचता आणि नळाखाली गाडी धुता. कर वाटायचाच तर पहिला वाटा ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांचा. धागाकर्त्यांनी पाच पालिकांची नावं घेतली, त्यात शहापूर कुठेय?

हिशेबनीस

पामबीचवाले साहेब, ‘आमचा पैसा’ म्हणता त्यातला आमचा किती ते एकदा बघू. नोकरीत असताना पालिकांची अंदाजपत्रकं वाचायची सवय लागली, ती गेलेली नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. इतर पालिकांत तोवर एलबीटीचा (जकातीऐवजी आलेल्या स्थानिक संस्था कराचा) उरलासुरला भाग आणि राज्याचं अनुदान असं चाललं होतं. बदल्यात राज्याने भरपाईचा कायदा केला. पायाभूत वर्ष २०१६-१७, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ. ८ टक्क्यांनी नऊ वर्षांत रक्कम दुप्पट होते. मग त्या शहराची वस्ती दुप्पट झालेली असो की जागच्या जागी असो. मुंबईची भरपाई सुरू झाली तीच महिन्याला ६४७ कोटींच्या आसपास.

आता गंमत बघा. घोडबंदर, दिवा, खारघर, पलावा इथे गेल्या दहा वर्षांत जी माणसं आली त्यांनी फ्रिज घेतले, गाड्या घेतल्या, त्यावर जीएसटी भरला. तो जीएसटी गेला राज्याकडे आणि केंद्राकडे. राज्य पालिकांना जे परत देतं ते मात्र २०१६-१७ साली कुणाच्या नाक्यावर किती जकात आणि एलबीटी जमा होत होता त्यावरून. पनवेल महापालिका तर जन्मलीच १ ऑक्टोबर २०१६ ला, म्हणजे पायाभूत वर्षाच्या ऐन मध्यावर. आणि काल्हेर-पूर्णाच्या ग्रामपंचायती या कायद्यात नाहीतच, तो महापालिकांपुरता आहे.

तेव्हा कर वाटावा की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. वाटप चालूच आहे, फक्त एका जुन्या वर्षाच्या चोपडीवरून. एमएमआरडीएचंही (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचंही) तेच. वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन आलेला पैसा साऱ्या प्रदेशातल्या पुलांत, रस्त्यांत, मेट्रोत जातो. वडाळा-कासारवडवली मेट्रो ठाणे पालिकेच्या तिजोरीतून होतेय असं कुणाला वाटतंय का? कुठल्या गावाला किती हे ठरवायचा जाहीर नियम नाही, एवढाच फरक.

पामबीचवाला

हिशेबनीस काका, जीएसटी भरपाईचं मान्य. ते पायाभूत वर्ष बदला ना मग, कुणी अडवलंय? राज्याशी भांडा. त्यासाठी नवी मुंबईच्या मालमत्ता करात हात कशाला? आमच्याकडे कित्येक वर्षं घरपट्टी वाढलेली नाही, कारण कारखानदारी आणि कार्यालयांमधून पैसा येतो. तोच बाहेर गेला की उद्या घणसोलीच्या वन बीएचकेवाल्याची घरपट्टी वाढणार. ती वाढवायला भिवंडीचा नगरसेवक येणार आहे का मतं मागायला?

घोडबंदरकर

वन बीएचकेवाल्याचं एक पैही जात नाही. निवासी मालमत्तेकडून खात्यात काही घ्यायचंच नाही, आणि आज जे मिळतंय तेही कमी होत नाही. पुढे होणाऱ्या वाढीतला हिस्सा जाईल, तोही व्यापारी-औद्योगिक.

आणि दादा, त्या कारखान्यांत नि कार्यालयांत येणारा माणूस कुठून येतो? ट्रान्स-हार्बरच्या सकाळच्या गाडीत ऐरोली-रबाळेला निम्मा डबा रिकामा होतो, तो भरलेला असतो ठाण्याला. त्यातले अर्धेअधिक कळवा-दिवा-डोंबिवलीचे.

साडेबारा टक्के

तुम्ही दोघं भांडताय ती जमीन आमची.

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला आली. पंच्याण्णव गावांची शेती, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या जासई परिसरात भावाकरता लोक उभे राहिले, पाच जण गोळीबारात गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत, हे तत्त्व आलं. माझं हे नाव त्यावरूनच. वाढीव किमतीत मूळ मालकाचा हिस्सा, ही कल्पना मिनियापोलिसहून आणायची गरज नाही, ती इथेच रक्त सांडून मिळवलेली आहे. तीही अजून सगळ्यांच्या पदरात पडलेली नाही.

आता तुम्ही म्हणता वाढीतले ४० टक्के भिवंडी-कल्याणला. आधी सांगा, नवी मुंबईच्या गावठाणांना यातून काय? आमच्या गल्लीतून अग्निशमनची गाडी जात नाही.

स्टेमचा ग्राहक

इतका वेळ वाचत होतो. कर वाटण्यापेक्षा खर्च वाटा, असं माझं म्हणणं.

आपल्याच जिल्ह्यात नमुना आहे. स्टेम ही पाण्याची कंपनी ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून आहे. पाणी उल्हास नदीतून उचलायचं, शुद्ध करायचं, ज्याने जितकं घेतलं त्याने तितकं बिल भरायचं. कुरबुरी असतात, थकबाकी असते, शटडाउन तर आम्हाला पाठ झालेत. पण ठाणेकराला भिवंडीकराचं पाणी भरावं लागतंय असं कुणी म्हणत नाही.

तसंच अवजड वाहतुकीचं करा. एक रस्ते कंपनी, त्यात बंदर, गोदामांच्या ग्रामपंचायती, ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर. गायमुख घाटात खड्डा पडला की तो कोणाच्या हद्दीतला यावर जो खल चालतो तो तरी संपेल. कचऱ्याची दुसरी कंपनी. सामायिक तिजोरी केली की पैसा कुठे मुरला ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

शहापूरकर

जितकं पाणी तितकं बिल, ठीक. बिल जातं उचलणाऱ्याला. धरणाखालच्या गावाला त्यात काय?

खारघरची माई

माझा प्रश्न सोपा आहे. आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरत होतो. मग पनवेल महापालिकेने स्थापनेच्या दिवसापासूनची घरपट्टी मागितली. एकाच काळाचे दोनदा पैसे का, म्हणून खारघर-कामोठ्याचे लोक कोर्टापर्यंत गेले. जिथे दोन सरकारी संस्थांना आपसात हिशेब जुळवता येत नाही तिथे पाच पालिका ४० टक्क्यांचा हिशेब जुळवणार?

खात्याची किल्ली कुणाकडे हे कुणीच लिहिलेलं नाही. एमएमआरडीएकडे द्यायची असेल तर माझा विरोध. तिथे मुख्यतः मंत्री आणि सनदी अधिकारी. खारघरच्या बाईने जाब विचारायचा कुणाला?

हिशेबनीस

माई, मोलाचा प्रश्न. घटनेत याची सोय आहे. ७४व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडून द्यायचे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्यासाठी कायदाही केला. किल्ली ठेवायची तर तिथे. त्या समितीची बैठक झाल्याची बातमी कुणी कधी मिटक्या मारत वाचलीय का, ते सोडा. नगरसेवकच नसतील तर समिती कसली? नवी मुंबईत २०२० पासून प्रशासक होता, ठाण्यात २०२२ पासून. निवडणूक लागली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. आता निमित्त उरलेलं नाही.

स्टेमवाले म्हणतात ते पाणी-रस्त्यापुरतं चालेल. पण खर्च वाटायचा म्हणजे प्रत्येकाने आपला हिस्सा भरायचा, आणि ज्याच्याकडे नाही तो भरणार कुठून? उल्हासनगरला किंवा भिवंडीला कंपनीत घ्याल, बिल थकेल, मग व्याजमाफी. कंपनी उत्पन्नातली दरी बुजवत नाही.

पामबीचवाला

आलात मुद्द्यावर! थकबाकी. जी पालिका स्वतःची घरपट्टी वसूल करत नाही, दर दोन वर्षांनी थकबाकीदारांना दंड-व्याज माफीची अभय योजना काढते, तिला आमच्या वाढीतला वाटा? म्हणजे वसुली न करण्याचं बक्षीस. हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

हिशेबनीस

नका करू. मिनेसोटाच्या सूत्रात वसुली मोजतच नाहीत. माणशी मालमत्तेचं बाजारमूल्य किती ते बघतात. मूल्य भरपूर आहे पण वसूल करत नाही, अशा पालिकेला वाटा कमीच. गरीब गावाला मदत मिळते, आळशी गावाला नाही.

आपल्याकडे खरी अडचण पुढची. मुंबईत घरपट्टी भांडवली मूल्यावर (बाजारभावावर), ठाणे-नवी मुंबईत करयोग्य मूल्यावर (अपेक्षित भाड्यावर), ग्रामपंचायतींचं आणखी वेगळं. आधी मोजमाप एक करावं लागेल. मला विचाराल तर रेडी रेकनर, म्हणजे जागांच्या दरांचा सरकारी तक्ता, वापरावा. तो मुद्रांक खातं काढतं, पालिकेचा हात त्यात नाही, आणि काल्हेरच्या गोदामापासून पामबीचच्या शोरूमपर्यंत सगळ्याला लागू होतो.

घोडबंदरकर

रेडी रेकनरला माझा पाठिंबा. शहापूरकरांसाठी सूत्रात धरणक्षेत्राचा वेगळा गुणांक घालू, ते बरोबर बोलतायत. पामबीचवाले, आता तरी?

पामबीचवाला

४० नाही. १०. आणि पहिली पाच वर्षं फक्त अवजड वाहतुकीच्या रस्त्यांवर. चौदा गावांचा खर्च राज्याने उचलल्याशिवाय तेही नाही.

स्टेमचा ग्राहक

म्हणजे माझी रस्ते कंपनीच की!

साडेबारा टक्के

रेडी रेकनरने मोजणार म्हणता. आमच्या गावात गरजेपोटी बांधलेली घरं आहेत. खाली तीन गाळे, वर आम्ही, सगळ्यात वर भाडेकरू. बांधकाम कागदावर नियमित नाही, गाळ्यांचं भाडं मात्र येतं. वाटा देताना हे बिगरनिवासी धरणार, आणि वाटा घेताना आमच्याकडे मालमत्ता भरपूर म्हणून कमी देणार, असंच ना?

हिशेबनीस

गाळे देण्याच्या बाजूला धरावे लागतील. घेण्याच्या बाजूला अनियमित बांधकामाचं मूल्य पूर्ण धरू नये, कारण ते बाजारात पूर्ण भावाने विकलं जात नाही आणि त्यावर बँक कर्ज देत नाही. किती टक्के धरायचं ते तुम्ही सांगा.

साडेबारा टक्के

ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत विचारतो. माझ्या एकट्याच्या गाळ्याचा प्रश्न नाही.