लहान ट्रॅव्हल ट्रेलर ओढण्यासाठी गाडी कोणती घ्यावी आणि तिला काय बसवावे?

घोडबंदरवासी (ठाणे):
नमस्कार. आम्ही कासारवडवलीला राहतो. घरात आम्ही दोघे आणि दोन शाळकरी मुले आहोत. झोपण्याची आणि जुजबी स्वयंपाकाची सोय असलेला, एकाच आसाचा लहान ट्रॅव्हल ट्रेलर घेण्याचा विचार पक्का होत आला आहे. बनवणाऱ्याने त्याचे रिकामे वजन ५५० किलो सांगितले आहे. नाशिक, भंडारदरा आणि पावसाळा सोडून कोकण, असा वापर राहील. सध्याची आमची गाडी मोनोकॉक बांधणीची (वेगळी चॅसी नसलेली, एकसंध सांगाड्याची), पेट्रोलवर चालणारी आणि ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आहे. एका गॅरेजमध्ये "मागच्या बंपरखाली हिच वेल्ड करून देतो, गाडी आरामात ओढेल" असे सांगितले (हिच म्हणजे ट्रेलर अडकवण्याचा गोळा असलेली लोखंडी जोडणी), पण ते मनाला पटत नाही. हीच गाडी चालेल, की स्कॉर्पिओ-एन किंवा इसुझू व्ही-क्रॉससारखी लॅडर फ्रेमची (शिडीसारखी वेगळी चॅसी असलेली) डिझेल गाडी घ्यावी? आणि गाडीला नेमके काय काय बसवावे लागेल?

सानपाडा_डिझेल (नवी मुंबई):
तुमच्या मनाला पटले नाही ते योग्यच आहे. बंपरखालच्या पातळ पत्र्यावर वेल्ड केलेली हिच कृपया कोणत्याही परिस्थितीत लावून घेऊ नका. हिचचा भार चॅसीच्या मुख्य तुळयांवर, कंपनीने ठेवलेल्या बोल्टच्या जागांवर गेला पाहिजे. गाडीसोबत मिळणारा, स्क्रूने बसणारा टो हुकही या कामाचा नाही. बंद पडलेली गाडी थोडे अंतर ओढून नेण्यापुरताच तो असतो.

गाडीच्या आधी ट्रेलरचे खरे वजन काढा, कारण ५५० किलो हा आकडा रिकाम्या ट्रेलरचा आहे. ७० लिटर पाणी भरले की ७० किलो वाढले. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर लोखंडासकट ३० किलोच्या आसपास जातो. इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या पुढे असते. त्यावर गाद्या, भांडी, किराणा आणि मंडप धरा, म्हणजे प्रवासाला निघताना तुमचा ट्रेलर ७५० किलोला टेकलेला असेल. तुर्भे आणि कळंबोलीच्या बाजूला ट्रकचे वजनकाटे भरपूर आहेत. सगळे सामान भरून एकदा तिथे नेऊन वजन करा आणि पावती जपून ठेवा.

मग गाडीचे पुस्तक उघडा. ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी कमाल वजन किती आणि हिचवर वरून येणारा भार किती चालतो, हे आकडे त्यात शोधा. ते सापडले नाहीत तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, आणि पुस्तकात ओढू नये असे लिहिले असेल तर विषय तिथेच थांबवा. त्याच नावाच्या मॉडेलचा परदेशातला आकडा इथे लावू नका, कारण इंजिन, कूलिंग, गिअरचे गुणोत्तर आणि ब्रेक वेगळे असू शकतात.

हिचवरचा भार गाडीच्याच वहनक्षमतेतून वजा होतो, याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. तुम्ही चौघे २१० किलो, डिकीतले सामान ६०, हिचची लोखंडी जोडणी २५ आणि वरून ८० किलोचा भार धरला तर बेरीज ३७५ होते. लहान एसयूव्हीची क्षमता इथेच जवळजवळ संपते आणि यातले बरेचसे वजन मागच्या आसावर येते. मागची बाजू बसली की पुढच्या चाकांवरचा दाब कमी होतो, स्टिअरिंग हलके लागते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचा क्लच कोरडा (तेलात न बुडालेला) असेल, तर घोडबंदर रोडच्या कोंडीत चढावर इंचाइंचाने सरकताना तो तापेल. माझे मत विचाराल तर लॅडर फ्रेमची डिझेल गाडीच घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारी). स्कॉर्पिओ-एनच्या १७५ पीएस डिझेलमध्ये ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, तेवढा या वजनाला भरपूर आहे. पण नुसत्या टॉर्कवर भाळू नका. ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड असते.

ऐरोली_घाटवाट (नवी मुंबई):
वरच्या शेवटच्या वाक्यापासूनच पुढे लिहितो. भरलेली गाडी सव्वादोन टनांची आणि ट्रेलर पाऊण टनाचा, म्हणजे उतारावर तीन टन आवरायचे आहेत. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हे सगळे काम एकट्या गाडीचे ब्रेक करतात. युरोपात ब्रेकशिवाय चालणाऱ्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो आहे. तुम्ही नेमके त्या सीमेवर आहात, म्हणून ओव्हररन ब्रेक असलेलाच ट्रेलर घ्या. गाडी मंदावली की ट्रेलर मागून रेटतो, कपलरचा (ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या, हिचच्या गोळ्यावर बसणाऱ्या जोडाचा) दांडा आत सरकतो आणि त्याने ट्रेलरचे ब्रेक ओढले जातात, अशी ती साधी यांत्रिक योजना असते. मात्र लांब उतारावर ते सतत अर्धवट लागून तापतात, हे ध्यानात ठेवा.

नाशिकला जाण्यासाठी कसारा घाट टाळता येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला असून, त्यात सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. कोकणातले आणि माळशेजचे घाट मात्र टळत नाहीत. तिथे उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, वेग इंजिनने धरा, ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून सोडा आणि तो सतत पायाखाली दाबून ठेवू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. आपल्या दमट हवेत ते दोन वर्षांनी बदलायलाच हवे.

गाडीला बसवण्याच्या गोष्टींत वायरिंगकडे खास लक्ष द्या. मागच्या दिव्यांच्या तारा सोलून जोड देऊ नका. ट्रेलरच्या दिव्यांना स्वतंत्र वीज देणारा, वेगळ्या फ्यूजचा रिले मॉड्यूल लावा आणि अर्थिंगसाठी स्वतंत्र तार ओढा, ती हिचच्या गोळ्यावर सोडू नका. कपलरखालच्या दोन साखळ्या एकमेकींवर फुली करून लावा, म्हणजे कपलर निसटलाच तर तो रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत अडकतो. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल निराळी. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर बाहेर येणारे आरसे हवेतच.

टायरचा लोड इंडेक्स वाचा: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभाच असतो, त्यामुळे त्याचे टायर झिजण्याआधी वयाने कडक होऊन तडकतात. बाजूवरच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते, ते पाहून घ्या.

वाशी_कागदपत्र (नवी मुंबई):
मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर लावणेही बंधनकारक आहे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बनवणाऱ्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेच्या मान्यतेचा कागद मागा आणि तो घेऊन ठाणे आरटीओत नोंदणी, कर आणि तुमच्या लायसन्सचा वर्ग या तिन्ही गोष्टी विचारून घ्या. हिच बसवणे हा गाडीतला बदल ठरू शकतो, आणि बदलांविषयी याच कायद्याचे कलम ५२ कडक आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. तोंडी होकार दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

घोडबंदरवासी (ठाणे):
सर्वांचे मनापासून आभार. सध्याच्या गाडीला हिच लावण्याचा विचार सोडला. एक शंका राहिली: आराखड्यात पाण्याची टाकी अगदी मागे, पलंगाखाली दाखवली आहे. याने काही बिघडते का?

सानपाडा_डिझेल (नवी मुंबई):
बिघडते. मागे वजन गेले की हिचवरचा भार घटतो आणि वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो. टाकी आसाच्या वर किंवा किंचित पुढे घ्यायला सांगा. भार घरीच मोजता येतो. सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, घरातला वजनकाटा कपलरखाली ठेवा आणि कपलर गाडीवरच्या गोळ्याच्या उंचीला येईल इतका लाकडी ठोकळा मध्ये घालून पुढचे लहान चाक वर उचला. युरोपात ट्रेलरच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के, तर अमेरिकेत १० ते १५ टक्के भार धरतात. तुमच्या ७५० किलोसाठी मी ६० ते ८० किलो ठेवीन, तेही गाडी आणि हिच यांपैकी जिची मर्यादा कमी असेल तिच्या आत. टाकी भरलेली आणि रिकामी, असे दोन्ही वेळा मोजा. इतके करूनही झुलणे सुरू झालेच, तर स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा. जोरात ब्रेक लावू नका आणि वेग वाढवून सरळ करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. मग बाजूला थांबून आतले जड सामान पुढे सरकवा.