आधी आई-वडिलांचा खालचा ओठ बघा

सिन्नरच्या ताईंनी विचारलंय: घराण्यात कुणालाच नाही, मग बाळाचा ओठ दुभंगला कसा? आणि लाळेच्या जनुक चाचणीत ‘धोका कमी’ आला तर दुसऱ्या वेळी निर्धास्त राहावं का?

ताई, ग्रहणात विळी हातात घेतल्याने हे होत नाही, सासरी ठणकावून सांगा. ओठ गर्भाच्या ४ ते ७ आठवड्यांत जुळतो, कित्येकदा दिवस गेल्याचं कळण्याआधीच.

चाचणीवर विसंबू नका. आठव्या गुणसूत्रावरचा ८क्यू२४ हा भाग २००९ मध्ये युरोपीय रुग्णांत दुभंगलेल्या ओठाशी ठळकपणे जोडलेला दिसला. आशियाई कुटुंबांत तो संबंध फिका पडतो. उलट २०१० मध्ये एमएएफबी आणि एबीसीए४ जनुकांजवळचे बदल आशियाई कुटुंबांत जास्त ठळक निघाले, पण ती कुटुंबं बहुतांशी पूर्व आशियातली. युरोपीय आकड्यांवर बेतलेला चाचणीतला धोक्याचा गुण (स्कोअर) आपल्याकडे म्हणूनच चुकतो.

त्यापेक्षा बॅटरीच्या उजेडात दोघांचा खालचा ओठ तपासा. मध्यरेषेच्या आजूबाजूला बारीक खळगे दिसले तर व्हॅन डर वूड सिंड्रोमची, म्हणजे ओठ किंवा टाळू दुभंगवणाऱ्या आनुवंशिक विकाराची, शंका घ्या. तो बहुधा आयआरएफ६ जनुकातल्या बदलाने होतो, आणि नुसते खळगे असलेल्या पालकाकडूनही तो बदल प्रत्येक बाळाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. खळगे नसतील, बाळात दुसरं व्यंगही नसेल, तर पुढच्या वेळचा धोका साधारण ३ ते ५ टक्के.

फिटांच्या काही गोळ्यांनीही ओठ दुभंगण्याचा धोका वाढतो. त्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका; दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.